घर नाकारलं, तर खटला सरकारचा की माझा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण मूळचा गोंदिया जिल्ह्यातला, नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये. मनीषनगरच्या बाजूला त्यानं दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं पाहिला, दलालाला दहा हजार टोकन दिलं आणि आधारकार्डचा फोटो पाठवला. रात्री दलालाचा फोन आला: ‘मालकांचा विचार बदलला. तुमच्या लोकांना ते देत नाहीत. तुम्ही आडनाव आधीच सांगायचं ना!’ टोकन अजून परत नाही. मामा म्हणतात, ॲट्रॉसिटी टाक. याचं म्हणणं वेगळं आहे: ‘मला त्या म्हाताऱ्या माणसाला जेलमध्ये पाठवायचं नाही. त्यांनी कोर्टात उभं राहून घर का नाकारलं ते सांगावं आणि भरपाई द्यावी. अमेरिकेत असा दावा माणूस स्वतः लावू शकतो म्हणतात. आपल्याकडे जमतं का?’

जमतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९ सांगतं की कायद्यानं मनाई केलेली नसेल, तर दिवाणी स्वरूपाचा कोणताही दावा न्यायालयानं चालवायचा. तुमचा दावा त्यात बसतो. पण दावा लावता येणं वेगळं आणि तो लावणं परवडणं वेगळं. अमेरिकेत दावेदाराला मुद्दाम काही सोयी करून दिल्या गेल्या. आपल्या कायद्यानं त्या दिल्या नाहीत, कारण आपण वाटच दुसरी धरली. ती का धरली हे समजलं, तर तुमचा मामा आणि तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर का आहात तेही समजेल.

मी नागपुरात सव्वीस वर्षं वकिली करते. सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगते. काटोलकडच्या एका गावात कटिंगच्या दुकानात एका शेतमजुराला ‘तुझे केस इथं कापत नाही’ म्हणून उठवलं. गुन्हा नोंदला गेला, तो बरीच वर्षं चालला आणि साक्षीदार एकेक करून फितूर झाले. दुकानदार सुटला. सरकारी वकील पुढच्या फाइलकडे वळले. व्हरांड्यात तो माणूस मला म्हणाला, ‘बाई, केस माही होती ना? मंग मले कोणी काहून नाही इचारलं, तुले काय पायजे?’ मी त्याची वकील नव्हते, दुसऱ्याच कामासाठी तिथं होते. तरी मला उत्तर देता आलं नाही, कारण कायद्याच्या भाषेत ती केस त्याची नव्हतीच. ती ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी’ अशी होती. तो होता साक्षीदार क्रमांक एक.

याचं मूळ संविधानातच आहे. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो आणि लगेच म्हणतो की अस्पृश्यतेतून येणारी कोणतीही बंधनं लादणं हा कायद्यानुसार शिक्षेस पात्र गुन्हा असेल. अनुच्छेद ३५ त्या शिक्षेचा कायदा करण्याचा अधिकार फक्त संसदेला देतो. म्हणजे रूळ सुरुवातीपासून फौजदारी कायद्याचेच टाकले गेले. त्या काळचा विचार समजण्यासारखा आहे. ज्याच्याकडे विहिरीवर पाणी भरायची मुभा नाही, तो कोर्ट फीचा स्टॅम्प कुठून आणणार? त्याच्या वतीनं सरकारनं लढावं, हे तेव्हा न्याय्यच वाटलं असणार. १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला. १९७६ मध्ये त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झालं, शिक्षा वाढल्या, पण पीडित माणसाला स्वतःचा दावा, स्वतःची भरपाई काही मिळाली नाही.

याच कायद्याचं कलम १३ मी नव्या ज्युनिअरला नेहमी वाचायला लावते. दिवाणी न्यायालयाचा त्यात उल्लेख आहे, पण उलट्या बाजूनं: या कायद्याच्या विरोधात जाणारा दावा कोणत्याही दिवाणी न्यायालयानं चालवू नये, हुकूमनामा देऊ नये, बजावूही नये. हे कलम कशासाठी, असं कोणी विचारलं की मी महाडकडे बोट दाखवते. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरचा दिवाणी दावा फार थोड्यांना. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी न्यायालयात डॉ. आंबेडकर आणि सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला की तळं आमच्या मालकीचं आहे, यांना मनाई करा. तात्पुरती मनाई मिळालीही, आणि बाबासाहेबांनी तो हुकूम मानून त्या महिन्यात तळ्यावर जाणं स्थगित केलं. प्रकरण वर चढत मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अनादिकालापासूनची म्हणून सांगितलेली वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, ते हरले. जवळपास दहा वर्षं! आपल्याकडच्या नागरी हक्कांच्या सर्वांत गाजलेल्या दिवाणी दाव्यात वादी कोण होते, तर हक्क नाकारणारे. ज्यांचा हक्क होता ते प्रतिवादी. कलम १३ नं हे दार त्यांच्यासाठी बंद केलं ते ठीकच झालं. फक्त त्याच दारातून पीडितानं आत यावं म्हणून कुणी काही लिहिलं नाही.

आता तुमचा मामला. नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ४ मध्ये ज्या गोष्टींना अडवणं गुन्हा आहे, त्यांच्या यादीत कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधणं, घेणं आणि त्यात राहणं हे स्पष्ट शब्दांत आहे. भाड्याचं घर त्यात येतं. कलम १२ तर आणखी कामाचं: पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं न्यायालयानं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करणं आरोपीवर. ‘मी व्हेज लोकांनाच देतो’, ‘फॅमिली छोटी हवी होती’ या सबबी मालकालाच सिद्ध कराव्या लागतील. मात्र शिक्षा ऐका: एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. पाचशे! आणि कमाल शिक्षा सहाच महिन्यांची असल्यामुळे गुन्ह्याची तक्रार एका वर्षाच्या आत दाखल व्हावी लागते. वर्ष गेलं की तेही संपलं.

नागपूरकरांसाठी इथं एक खुलासा. तुम्ही बौद्ध असाल, तर ‘मी आता अनुसूचित जातीत नाही, मला हे कलम लागू नाही’ असा समज करून घेऊ नका. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. दीक्षाभूमीच्या शहरातसुद्धा मी हा गैरसमज पोलीस ठाण्यात ऐकलेला आहे, तोही ठाणे अंमलदाराच्या तोंडून. जातीचा दाखला नीट असला म्हणजे झालं. उलट बाजूनं पाहा: हेच घर एखाद्या मुस्लिम मुलाला धर्मावरून नाकारलं गेलं, तर १९५५ चा कायदा त्याच्या कामाचा नाही. एकट्या मुलीला, तृतीयपंथी व्यक्तीला, ईशान्येकडच्या विद्यार्थ्याला नाकारलं तरी तेच. खाजगी माणसानं केलेल्या भेदभावावर सर्वांसाठी लागू असा एकच कायदा आपल्याकडे नाही. सच्चर समितीनं २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती; पुढं भेदभावविरोधी खाजगी विधेयकही लोकसभेत आलं. पण कायदा झाला नाही. आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, संस्थेनं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायला हरकत नाही असं म्हटलं. तो निकाल समोरचा वकील तुमच्याविरुद्ध नक्की काढेल. त्याला उत्तर आहे: तो सहकारी संस्थेच्या उपविधींचा प्रश्न होता, बाजारात भाड्यानं देण्यासाठी जाहिरात केलेल्या घराचा नव्हे.

मामांचं म्हणणं उडवून लावू नका. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीनं ‘आर्थिक बहिष्कार’ हा गुन्हा आला, २६ जानेवारी २०१६ पासून. त्याच्या व्याख्येत एखाद्याशी व्यवहार करायला नकार देणं, नेहमीच्या धंद्यात ज्या अटींवर गोष्टी होतात त्या अटींवर त्या करायला नकार देणं, हे येतं. घर नाकारणं त्यात बसवता येईल असं माझं मत आहे, पण युक्तिवाद करावा लागेल. ‘तुमच्या लोकांना’ हे शब्द फोनवर, दोघांतच बोलले गेले. त्यामुळे ‘लोकांच्या दृष्टिपथात अपमान’ हे कलम इथं लावायचा हट्ट धरू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना काढलेल्या उद्गारांना ते कलम लागत नाही असं सांगितलं आहे. चुकीचं कलम लावलं की पूर्ण फिर्याद संशयास्पद दिसते. हे मी बचाव पक्षाकडूनही लढलेली असल्यामुळे सांगते.

या कायद्याखाली पैसा मिळतो का? मिळतो. नियमांप्रमाणे गुन्ह्याच्या प्रकारानुसार पंच्याऐंशी हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत अर्थसाहाय्य आहे, ते टप्प्याटप्प्यानं मिळतं. पण तो सरकारच्या तिजोरीतून येतो. घर नाकारणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ लागत नाही, आणि त्यानं उत्तर द्यावं ही तुमची अपेक्षा त्यातून पुरी होत नाही. एक गोष्ट मात्र सुधारली. कलम १५अ मुळे पीडिताला जामिनाच्या, सुटकेच्या, शिक्षेच्या प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेण्याचा हक्क मिळाला, आणि पीडिताला नोटीस देणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये पक्कं केलं. काटोलच्या त्या माणसाच्या वेळी हे असतं, तर निदान त्याला कोणीतरी विचारलं असतं.

आता अमेरिका, कारण तुम्ही तिचं नाव घेतलं म्हणून. आणि तिथली गोष्ट जेवढी सरळ सांगितली जाते तेवढी ती नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेत काळ्या लोकांवर टोळ्यांचे हल्ले होत होते, स्थानिक पोलीस आणि न्यायाधीश डोळेझाक करत होते. तेव्हा १८७१ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला की राज्याच्या अधिकाराच्या आडून कोणी तुमचा घटनात्मक हक्क हिरावला, तर तुम्ही स्वतः त्या माणसावर दावा लावा. आज तो ‘कलम १९८३’ म्हणून ओळखला जातो. गंमत म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं ते कलम कागदावर झोपून होतं. १९६१ मध्ये शिकागोच्या मन्रो कुटुंबाच्या खटल्यात ते जागं झालं. पोलीस पहाटे वॉरंटशिवाय घरात घुसले, त्यांनी माणसाला कपड्यांविना उभं केलं, तासन्‌तास डांबून ठेवलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राज्याचा कायदा मोडून केलेलं कृत्यही ‘राज्याच्या अधिकाराच्या आडून’ केलेलंच आहे, दावा चालेल.

पण दाव्यांचा ओघ खरा वाढला तो एका रुक्ष वाटणाऱ्या तरतुदीनं. १९७६ मध्ये कायदा झाला की नागरी हक्कांच्या दाव्यात जिंकणाऱ्याच्या वकिलाची वाजवी फी हरणाऱ्यानं द्यावी. माझ्या मते या विषयाचा गाभा इथं आहे, भाषणांत नाही. वीस हजारांची भरपाई मागणाऱ्या माणसासाठी दोन लाखांचं काम कोण करणार? फी समोरच्याकडून मिळणार म्हटल्यावर चांगला वकील असं प्रकरण घेतो. तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात हॉटेल-खानावळीत प्रवेश नाकारला गेला तर भरपाई मिळतच नाही, फक्त मनाई हुकूम आणि वकिलाची फी मिळते. १९६८ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या एका खानावळीच्या खटल्यात तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की असा दावा लावणारा माणूस एकट्यासाठी लढत नाही, तो जणू खाजगी महाधिवक्ता असतो. म्हणून त्याला फी मिळाली पाहिजे.

तुमच्या कामाचा अमेरिकन निकाल मात्र वेगळाच आहे, १९८२ चा. व्हर्जिनियात घर भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीकडे एक गोरी आणि एक काळी व्यक्ती, दोघंही मुद्दाम तपासायला गेले. गोऱ्याला सांगितलं घर आहे, काळ्या बाईंना सांगितलं नाही. घर तिला घ्यायचंच नव्हतं. तरी न्यायालय म्हणालं की खोटी माहिती मिळणं हीच इजा आहे, दावा लावता येईल. आता तुम्ही हे करा: वेगळ्या आडनावाच्या एखाद्या मित्राला त्याच दलालाला, त्याच फ्लॅटसाठी फोन करायला लावा. घर अजून रिकामं असेल आणि त्याला दाखवायला तयार असतील, तर ‘विचार बदलला’ ही सबब तिथंच संपते. मित्रानं खोटं काही बोलू नये, स्वतःचं खरं नाव सांगावं, आणि पुढं साक्षीला यायची तयारी ठेवावी. याहून मोठा पुरावा या प्रकारच्या केसमध्ये मी पाहिलेला नाही.

तिथंही सगळं गोड नाही, हे लगेच सांगून टाकते. पोलिसांना ‘पात्र संरक्षण’ नावाचं कवच न्यायालयांनीच घालून दिलंय, त्यात असंख्य दावे अडतात. आणि २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ज्या धोरणाचा परिणाम भेदभावाचा होतो पण हेतू सिद्ध होत नाही, त्यावर १९६४ च्या कायद्याखाली खाजगी दावा चालणार नाही, कारण संसदेनं तो हक्क दिला असं दिसत नाही. लोकांना दावा लावू द्यावा की नाही, हा वाद तिथंही मिटलेला नाही.

आपल्याकडे एक क्षेत्र असं आहे, जिथं न्यायालयांनी संसदेची वाट न पाहता दावेदाराच्या हातात खरंच काही दिलं: सरकारनंच हक्क मोडला असेल तर. पूर्वी इथं भिंत होती. १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणात मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेलं सोनं घेऊन हवालदार पाकिस्तानात पळाला, तरी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे सार्वभौम काम, सरकार जबाबदार नाही. मग १९८३ मध्ये बिहारमधल्या रुदुल शाहचं प्रकरण आलं: निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं तुरुंगात. न्यायालयानं रिटमध्येच, म्हणजे हक्कभंगाबद्दल थेट वरच्या न्यायालयात केलेल्या अर्जातच, तीस हजार द्यायला लावले आणि वर सांगितलं, दिवाणी दावा लावायचा तर लावा, आम्ही तो मार्ग बंद करत नाही. १९९३ मध्ये ओडिशाच्या नीलाबती बेहेरा यांच्या मुलाच्या कोठडीतील मृत्यूबद्दल दीड लाख. तिथं स्पष्ट झालं की मूलभूत हक्कांच्या भंगात सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही. २०१८ मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना पन्नास लाख. आणि तरीही फौजदारी कायद्यात विनाकारण अटक करवणाऱ्याकडून मिळणारी भरपाई आजही फार तर एक हजार रुपये. ही विसंगती जोवर आहे, तोवर लोक सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या त्या दगडी इमारतीत रिट घेऊन येतच राहणार.

या वाटेवर माणसं मुदतीत बुडतात. उत्तर नागपुरातला एक ऑटोवाला माझ्याकडे आला होता. तीन रात्री ठाण्यात बसवून ठेवलं, अटक दाखवलीच नाही, चौथ्या दिवशी ‘जा’ म्हणून सोडलं. तो आला चौदा महिन्यांनी, कारण मधल्या काळात कोणीतरी त्याला मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करायला सांगितलं होतं आणि तो उत्तराची वाट पाहत होता. बेकायदा डांबण्याच्या भरपाईच्या दाव्याची मुदत सुटका झाल्यापासून एक वर्ष. खोट्या खटल्याबद्दलही निर्दोष सुटल्यापासून एक वर्ष. त्याहून वाईट म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१, जे पोलिसांनी कर्तव्याच्या आडून केलेल्या कृत्यावरचा दावा सहा महिन्यांत बांधून टाकतं. आयोगाकडे अर्ज केल्यानं मुदत थांबत नाही, आणि आयोगाचा आदेश हा शिफारसच असतो. त्याच्यासाठी आम्ही रिटच केली. शेवटी रक्कम मिळाली, मोठी नव्हती. पण प्रतिज्ञापत्रात त्याला बसवून ठेवल्याचं सरकारला कबूल करावं लागलं. तो कागद त्यानं लॅमिनेट करून घेतला.

सरकारवर किंवा अधिकाऱ्यावर दिवाणी दावा लावायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तुमच्या प्रकरणात सरकार नाही, त्यामुळे ती भानगड नाही.

तुमचा दावा कसा उभा करता येईल ते आता सांगते. प्रतिवादी दोन: मालक आणि दलाल. दलालाला विसरू नका, किंबहुना त्याला पुढं ठेवा. अनुच्छेद १५(२) म्हणतो की धर्म, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकानं, हॉटेलं वगैरे ठिकाणी प्रवेशाला अडवता येणार नाही. हा मूलभूत हक्क फक्त सरकारविरुद्ध नाही, थेट खाजगी माणसाविरुद्धही आहे. असे अनुच्छेद संविधानात बोटावर मोजण्याइतके. ‘दुकान’ म्हणजे काय, यावर संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं होतं की सेवा घ्यायला येणाऱ्या कोणालाही ती द्यायला जिथं मालक तयार असतो ते दुकान, असा व्यापक अर्थ घ्यायचा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच व्यापक अर्थाचा आधार घेऊन खाजगी शिक्षणसंस्थाही त्यात आणल्या. मग ज्या दलालानं बोर्ड लावलाय, ॲपवर जाहिरात टाकलीय, तो दुकानदार नाही तर कोण? मालक म्हणेल, माझं घर, माझी मर्जी. दलालाला ते म्हणताच येत नाही. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं असंही म्हटलं की अनुच्छेद १९ आणि २१ मधले हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. हा धागा नवीन आहे, पण तुमच्या दाव्यात तो हवा.

दुसरा पाया साधा कराराचा: टोकन घेतलं, व्यवहार मोडला, टोकन ठेवून घेतलं. हा भाग रुक्ष आहे म्हणून ज्युनिअर लोक गाळतात. मी कधी गाळत नाही, कारण संविधानाच्या मुद्द्यावर न्यायाधीश साशंक असले तरी दहा हजारांचा हिशेब त्यांना लगेच कळतो आणि दावा जिवंत राहतो. घर मिळवून द्या ही मागणी मात्र करू नका. नोंदणीकृत भाडेकरार नसताना ती टिकायची नाही, आणि त्या घरात तुम्हाला आता राहायचंही नसेल. मागा ते तीनच: टोकन परत, मनस्तापाची आणि अपमानाची भरपाई, आणि दलालानं यापुढं जात विचारून घर नाकारू नये असा मनाई हुकूम.

भरपाई किती, हे सांगणं अवघड. मोजायला आधार द्यायचा तर जिजा घोष प्रकरण दाखवा: सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रवासी बाईंना विमानातून उतरवलं म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाजगी विमान कंपनीला दहा लाख द्यायला लावले. अपमानालाही किंमत असते हे त्यात आहे. पण जिल्हा न्यायालयात तेवढ्याची आशा धरू नका, आणि अवाच्या सव्वा रक्कम मागून कोर्ट फी वाढवू नका. ती मागितलेल्या रकमेवर लागते. फीची चिंता असेल तर न्यायमंदिरातल्या, म्हणजे जिल्हा न्यायालयातल्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा त्यात येते. नोकरी आहे म्हणून लाजू नका, तो दानधर्म नाही.

जिंकलात तरी वकिलाची खरी फी समोरच्याकडून मिळण्याची आशा जवळजवळ नाही. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी घेतलेल्या बचावाबद्दलची भरपाईदेखील संहितेत तीन हजारांवर जात नाही. अमेरिकेतल्या १९७६ च्या तरतुदीची उणीव इथं जाणवते. उद्या कोणी मला विचारलं की नवा कायदा करायचा तर पहिलं कलम कोणतं, तर मी हक्कांची यादी लिहिणार नाही. भरपाईची किमान रक्कम आणि हरणाऱ्यानं द्यायची वकील फी, एवढं लिहीन. माझ्या व्यवसायाचा स्वार्थ त्यात आहे असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या.

फौजदारी आणि दिवाणी, दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात. एक निवडली म्हणून दुसरी बंद होत नाही. तुमच्या जागी मी असते तर आधी नोटीस पाठवली असती आणि वर्षाच्या आत नागरी हक्क संरक्षण कायद्याची तक्रार करायची सोय हातात ठेवली असती. दिवाणी दाव्याला तीन वर्षं आहेत, म्हणून तो आधी घाईनं टाकायची गरज नाही. एकच पथ्य: नोटिशीत ‘एवढे पैसे द्या नाहीतर ॲट्रॉसिटी टाकतो’ असं एक वाक्यही नको. रागात लोक हे व्हॉट्सॲपवर लिहून बसतात आणि मग खंडणीचा आरोप अंगावर येतो, खरी केस मातीत जाते. भरपाईची मागणी भरपाईच्या नोटिशीत, गुन्ह्याची तक्रार पोलिसात, दोन्ही वेगवेगळं.

दलालाशी झालेली चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका. फक्त स्क्रीनशॉट चालत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते मूळ फोन हातात असताना करणं सोपं जातं. तो रात्रीचा कॉल रेकॉर्ड झालेला नसेल, तर आजच दलालाला मेसेज टाका: ‘काल आपण फोनवर म्हणालात की मालक आमच्या लोकांना घर देत नाहीत. टोकन केव्हा परत कराल?’ तो ‘तसं म्हणालो नाही’ असं लिहील किंवा फक्त टोकनबद्दल बोलेल. दुसरं झालं तर तुमचं काम अर्धं झालं.

राहिला मालकाच्या नावाचा प्रश्न, कारण तुम्ही लिहिलंय की दलाल ते सांगत नाही. इमारतीचा पत्ता आणि फ्लॅट नंबर घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात मालमत्ता कराच्या नोंदीत पाहा. तिथं नाव जुनं असेल, तर सिटी सर्व्हेतून आखीव पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डची) नक्कल काढा. ती मिळाली की टोकनच्या यूपीआयचा तपशील, जातीचा दाखला आणि ती नक्कल घेऊन कोणत्याही वकिलाकडे जा. मामांनाही सोबत न्या. साक्षीदार म्हणून नव्हे. पण पहिल्या तारखेला कोर्टाच्या बाकावर शेजारी कोणीतरी हवं असतं.